दोन हजारांची सूट आणि मामाच्या तीन खेपा

आपल्या लोकांना दोन शब्द ऐकले की भान राहत नाही. एक 'फुकट' आणि दुसरा 'कॉम्बो'. त्यातही फुकट म्हटलं की आपण निदान एकदा डोळे बारीक करून बघतो, की बाबा, काहीतरी गोम असणार. कॉम्बोच्या बाबतीत तेवढाही संशय येत नाही. वडा-पाव-चहा कॉम्बो, शर्ट-पँट कॉम्बो, आणि आमच्या जमातीचा लाडका म्हणजे प्रोसेसर-मदरबोर्ड कॉम्बो. "वेगवेगळं घेतलंत तर साडेअठरा, कॉम्बोत साडेसोळा." संपलं! पुढचं कुणी ऐकतच नाही.

आज त्याच कॉम्बोवर माझा राग काढणार आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, या रागातला मोठा वाटा दुकानदाराच्या नाही, माझ्या आणि माझ्यासारख्यांच्या वाट्याला येणार आहे. तेव्हा आयटीवाल्यांनी जरा सावरून बसावं.

तर झालं असं. माझा मामा बार्शीजवळच्या एका गावात राहतो. शेती, तीही सोयाबीन आणि पावसाच्या भरवशाची. मामेभाऊ इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा करतोय. घरातला जुना कॉम्प्युटर थ्रीडीची फाइल उघडायला घेतली की असा काही घरघरायचा की मामी म्हणायची, "बंद कर रे ते, पेटंल." शेवटी सोयाबीनचे पैसे हातात आले तेव्हा ठरलं की कॅबिनेट, मॉनिटर, एसएमपीएस जुनंच ठेवायचं आणि आतला मेंदू बदलायचा. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम. पोरगं हुशार आहे, व्हिडिओ बघून जोडणी शिकलेलं. जिल्ह्याच्या गावी एका दुकानात बापलेक गेले आणि तिथून त्याने मला कोटेशनचा फोटो पाठवला. "दादा, बघ ना, बरोबर आहे का?"

तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते. हापिसात स्टँडअप चालू होता, माझी पाळी यायची होती. फोटो उघडला. आय५ दिसलं, बारावी जनरेशन दिसली, खाली 'कॉम्बो ऑफर, बचत २,०००' दिसलं. मी अंगठा दाखवला आणि वर लिहिलं, "मस्त डील आहे, घेऊन टाक."

दहा सेकंद. फार तर बारा.

संध्याकाळी फोन. "दादा, डिस्प्ले येत नाहीये." झालं, आपण तज्ज्ञ! रॅम काढून परत लाव. एकच रॅम लावून बघ. बोर्डावरचा सेल काढ, पाच मिनिटांनी घाल. केबल बदल. दोन संध्याकाळी हे चाललं. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचा पोर्ट स्वच्छ दिसतोय, केबल नीट बसतेय, पंखा फिरतोय आणि मॉनिटर म्हणतोय नो सिग्नल. पोराचा रडवेला आवाज, "माझ्याकडून जोडताना काही जळलं का रे दादा?" मागून मामाचा आवाज, "काय म्हनतोय? जळलं का?"

तिसऱ्या दिवशी मामा सगळं खोक्यात भरून एसटीने परत दुकानात. दुकानदाराने एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, हा एफवाला आहे. याला ग्राफिक कार्ड लागतंच." मामाकडे तेवढे पैसे नव्हते. परत गाव. पैसे घेऊन पुन्हा एसटी. ३,४०० रुपयांचं जीटी ७१० नावाचं कार्ड गळ्यात पडलं. मूळचं २०१४ सालचं डिझाइन, ज्याच्याकडून मॉनिटरवर चित्र दाखवण्यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवायची नसते. थ्रीडी रेंडरिंगला त्याचा उपयोग शून्य. पण डिस्प्ले आला. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले.

मी तो जुना फोटो पुन्हा उघडून बघितला. 'आय५-१२४००एफ'. एफ. तिथेच होता, ठळक, काही लपवाछपवी नाही. इंटेलच्या नावात शेवटी एफ असला की त्यात अंगचं ग्राफिक्स चालू नसतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एफ नसलेला साधा १२४०० घेतला असता तर त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स होतंच आणि बोर्डाच्या मागचा तो एचडीएमआय पहिल्याच दिवशी बोलला असता. दोन्हींतला फरक त्या आठवड्यात अडीच हजारांच्या आसपास होता.

आता हिशेब मांडा. कॉम्बोत 'वाचले' दोन हजार. त्यातल्या स्वस्त प्रोसेसरपायी घ्यावं लागलं ३,४०० चं कार्ड. वर एसटीची भाडी, मामाचे ऐन कामाच्या दिवसांतले दोन जादा दिवस, आणि पोराची दोन रात्रींची झोप. आणि ते दोन हजार तरी खरे होते का? मी त्याच आठवड्याचे सुटे भाव काढले. प्रोसेसर १०,८००, बोर्ड ५,७००. बेरीज करा. साडेसोळा! म्हणजे सूट नावाची गोष्ट अस्तित्वातच नव्हती. साडेअठरा हा आकडा फक्त कोटेशनवर काट मारण्यासाठी जन्माला आला होता.

पुढच्या वेळी गावाला गेलो तेव्हा हे सगळं मामाला समजावून सांगत होतो. बंडलिंग म्हणजे काय, जोडीने का विकतात वगैरे. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे लिंकिंगच की रे!"

मी चाट पडलो. खरंच की! महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. खरीप तोंडावर आला, युरियाची, डीएपीची टंचाई सुरू झाली की कृषी केंद्रात काय ऐकू येतं? डीएपीची गोणी पाहिजे ना, मग ही सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटलीपण घ्यावी लागेल. पेपरात दरवर्षी बातम्या येतात, कृषी खातं दरवर्षी लिंकिंग केल्यास परवाना रद्द असं बजावतं. मामाने ती बाटली आयुष्यात किती वेळा घेतली असेल कोण जाणे. त्याला जे एका वाक्यात कळलं, ते आम्हाला इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि वर नोकरीची वर्षं घालूनही कळत नाही, कारण आमच्या बाटलीवर 'ऑफर' असं लिहिलेलं असतं.

आणि कॉम्प्युटरच्या बाजारात हे लिंकिंग नवीन नाही बरं का. २०२१ साली ग्राफिक कार्डांचा दुष्काळ पडला होता तेव्हाची गोष्ट आठवा. नुसतं कार्ड मागितलं की 'नाही', आणि सोबत बोर्ड किंवा पॉवर सप्लाय घेतला की तेच कार्ड आतून बाहेर येतंय, हा अनुभव तेव्हा कित्येकांनी घेतला. अमेरिकेतही काही वेगळं नव्हतं. न्यूएग या मोठ्या विक्रेत्याने त्या वर्षी कार्डांसाठी चक्क सोडत सुरू केली, आणि त्या सोडतीत नंबर लागला तरी बरीच कार्डं दुसऱ्या कुठल्या वस्तूच्या जोडीनेच मिळायची. ज्याला तुटवडा आहे ते पुढे करायचं आणि जे खपत नाही ते त्याच्या शेपटाला बांधायचं. गोणी तीच, बाटली तीच.

"पण तुटवडा नसताना दुकानदार कॉम्बो का देतो? त्याला काय मिळतं?" असं कुणी विचारेल. चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच देऊन ठेवलंय. पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. त्यांच्यासमोरचं प्रकरण सिनेमांचं होतं. अमेरिकेत वितरक टीव्ही स्टेशनांना चांगले सिनेमे सुटे विकत नसत, सोबत पडेल सिनेमेही गळ्यात मारत. १९६२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. स्टिग्लर यांनी विचारलं, मुळात जोडी लावून वितरकाचा फायदा कसा होतो? त्यांची कल्पना आपल्या भाषेत आणि आपल्या मालात सांगतो.

समजा बाजारात दोनच गिऱ्हाइकं आहेत, मी आणि तुम्ही. मी प्रोसेसरला ११ हजार आणि बोर्डाला ५ हजार द्यायला तयार आहे. तुम्ही प्रोसेसरला ९ आणि बोर्डाला ७. दुकानदाराला दोन्ही वस्तू दोघांनाही सुट्या विकायच्या असतील तर प्रोसेसर ९ ला आणि बोर्ड ५ ला लावावा लागेल. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे १४, दोघांचे मिळून २८ हजार. आता तोच माणूस काय करतो? सुटे भाव लावतो ११ आणि ७, म्हणजे बेरीज १८. आणि शेजारी पाटी लावतो, 'कॉम्बो फक्त १६!' तुमची दोन्ही मिळून तयारी १६ ची, माझीही १६ ची. दोघंही घेणार. गल्ल्यात ३२ हजार. दुकानदाराला चार हजार जास्त मिळाले आणि आपण दोघं दोन-दोन हजार वाचले म्हणून खूश होऊन घरी. आता बोला!

म्हणजे 'सूट' हा शब्द कशाच्या तुलनेत वापरलाय हे बघितल्याशिवाय त्याला काडीचा अर्थ नाही. खोक्यावर छापलेल्या एमआरपीचंही तेच. बोर्डाच्या खोक्यावरची किंमत बघा आणि बाजारातला भाव बघा, दोन वेगळ्या ग्रहांवरच्या वाटतात. एमआरपी म्हणजे याच्या वर विकू नका अशी मर्यादा आहे, वस्तूची लायकी नव्हे. तिच्यापासून खाली मोजलेली बचत म्हणजे न चढलेल्या डोंगरावरून उतरल्याचं कौतुक.

बरं, पैशाचं एक वेळ सोडून देऊ. कॉम्बोतली खरी मेख वेगळीच आहे. कॉम्बोत लोकांचं लक्ष असतं प्रोसेसरवर. आय५ की आय७, रायझन ५ की ७. बोर्ड कुठला, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. तो 'त्याच्यासोबत येतो'. आणि नेमका माल खपवला जातो तो बोर्डातच.

प्रोसेसर हा भाडेकरू आहे, बोर्ड हे घर आहे. भाडेकरू बदलता येतो, घर पाडल्याशिवाय घर बदलत नाही. मामेभावाच्या कॉम्बोत एच६१० चिपसेटचा बोर्ड होता. बोर्ड वाईट नाही, कमी खर्चात काम भागवणारा आहे. पण त्याला रॅमचे दोनच स्लॉट. आणि दुकानदाराने ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घालून दोन्ही भरून टाकले. उद्या पोराला ३२ जीबी हवी झाली तर या दोन्ही काढून ठेवायच्या आणि नव्या दोन घ्यायच्या. एकच १६ ची पट्टी घालून दुसरा स्लॉट मोकळा ठेवला असता तर? वेग थोडा कमी मिळाला असता हे खरं, दोन पट्ट्यांचा तो फायदा असतोच, पण पुढचा रस्ता उघडा राहिला असता. निवड करायला हरकत नाही, पण ती निवड आहे हे त्या पोराला कुणी सांगितलंच नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले ते पाहता हा मुद्दा किती महाग पडू शकतो हे वेगळं सांगायला नको.

असे अजून नमुने आहेत. के अक्षराचा प्रोसेसर आणि सोबत एच मालिकेतला साधा बोर्ड, हा कॉम्बो मी डोळ्यांनी पाहिलाय. के चे जादा पैसे असतात ते ओव्हरक्लॉकिंगसाठी, आणि इंटेल ते करू देतं झेड मालिकेच्या बोर्डांवर. म्हणजे शर्यतीचा बैल विकत घेऊन घाण्याला जुंपल्यासारखं.

मग सॉकेटचा प्रश्न. इंटेलचा एलजीए १७०० हा सॉकेट २०२१ च्या शेवटी बाराव्या जनरेशनबरोबर आला. तेराव्या आणि चौदाव्यानेही तोच वापरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेस्कटॉपचे नवे कोअर अल्ट्रा आले ते एलजीए १८५१ वर, आणि जुन्या घराचं दार बंद झालं. याउलट एएमडीचा एएम४. पहिले रायझन मार्च २०१७ मध्ये आले, आणि ज्यांनी तेव्हा ३०० मालिकेचे बोर्ड घेतले होते त्यातल्या अनेकांना २०२२ मध्ये ५००० मालिकेचे प्रोसेसर त्याच बोर्डात बसवता आले. पाच वर्षं एकच घर! पण तेही सुखासुखी मिळालं नाही. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. लोकांनी असा काही गलका केला की त्याच महिन्यात कंपनीला निर्णय फिरवावा लागला. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की काय होतं त्याचा हा नमुना. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालवू असं एएमडीने २०२४ मध्ये सांगितलंय.

तेव्हा एखादा सॉकेट निवृत्त झाला की गोदामातले बोर्ड आणि प्रोसेसर जोडीजोडीने लग्न लावून बाहेर काढले जातात. यात गैर काहीच नाही. स्वस्त मिळत असेल तर निवृत्त सॉकेटही खुशाल घ्यावा, मीही घेईन. पण मग तो निवृत्तीच्या भावात मिळाला पाहिजे आणि पुढे वाढ नाही हे माहीत असलं पाहिजे.

बायॉसचं लचांड आणखी वेगळं. ६०० मालिकेच्या बोर्डावर तेरावा किंवा चौदावा प्रोसेसर चालतो, पण बोर्ड जुन्या लॉटचा असेल आणि बायॉस अपडेट केलेलं नसेल तर मशीन सुरूच होणार नाही. काही बोर्डांवर नुसत्या पेनड्राइव्हने अपडेट करायची सोय असते, स्वस्तातल्या बहुतेकांवर नसते. मग काय, अपडेट करायला जुना प्रोसेसर आणा! आणि तेराव्या-चौदाव्याच्या बाबतीत बायॉस म्हणजे निव्वळ सोय नाही. त्यातले बरेच प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने दुरुस्तीचा मायक्रोकोड काढला आणि खोक्यातून विकलेल्या त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो मायक्रोकोड मशीनमध्ये येतो बहुतेकदा बोर्डाच्या बायॉसमधूनच. कॉम्बोवाला हे करून देतो का? विचारून बघा.

'खोक्यातून विकलेल्या' हे शब्द मी उगाच नाही वापरले. कॉम्बोत प्रोसेसर पुष्कळदा ट्रेवरचा असतो. म्हणजे मूळ खोकं नाही, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेवरच्याला दुकानदार जे म्हणेल ते. आणि दुकानदार काय म्हणतो, तर "माझ्यावर सोडा ना साहेब."

यावर बिलाचा मुद्दा निघतो. "बिल पाहिजे का? मग अठरा टक्के लागतील." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस दाखवा! आपणही हसून म्हणतो, राहू द्या बिल. पण जीएसटी ही काही जादा सेवा नाही. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं, हीसुद्धा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशा पाटीखाली बसून कुणी हे तुम्हाला सांगणार नाही. आणि बिल घेतलं तरी त्यावर 'कॉम्बो, १ नग' असं लिहिलेलं नको. बोर्ड बिघडला तर त्याची किंमत किती, तो नेमका कुठला, हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. दोन ओळी, दोन किमती, दोन सीरियल नंबर. एवढंच.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मी त्या दुकानदाराला फोन केला होता, भांडायच्याच तयारीने. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या भावाने विचारलं, सगळ्यात कमीत काय बसेल. मी सगळ्यात कमीतलं दिलं. आणि तो म्हणाला, दादा इंजिनिअर आहे, त्याने ओके केलंय. मग मी कोण बोलणारा?"

काय उत्तर देणार?

प्रोसेसरवर त्या माणसाला सुटत किती असणार? ऑनलाइनचा भाव गिऱ्हाईक मोबाइलवर काढून त्याच्या तोंडासमोर धरतं. चार पैसे सुटतात ते बोर्डावर, रॅमवर, कॅबिनेटवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दहा दुकानं फिरा, दहाही ठिकाणी हेच गणित दिसेल. शिवाय कॉम्बोचा एक खरा फायदाही आहे. न समजणाऱ्या माणसाला एएमडीचा प्रोसेसर आणि इंटेलचा बोर्ड असा भलताच जोड पदरी पडत नाही.

आणि प्रामाणिक कॉम्बोही असतात. माझा एक कॉलेजचा मित्र अमेरिकेत डॅलसला आहे. तिथे मायक्रो सेंटर नावाची दुकानं आहेत. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असे त्यांचे गठ्ठे प्रसिद्ध आहेत, आणि ते दुकानात जाऊनच घ्यावे लागतात, घरपोच मिळत नाहीत. त्यांचा हेतू सरळ आहे, माणूस दुकानात ओढायचा, मग तो केबल, पंखा, काहीबाही घेतोच. पण गठ्ठ्यातल्या प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल समोर असतं. सुटा भाव काढा, बेरीज करा, पटलं तर घ्या. तेव्हा माझं भांडण जोडीशी नाही, झाकलेल्या जोडीशी आहे. जो कॉम्बो सुटा करून दाखवता येतो तो कॉम्बो, जो दाखवता येत नाही ते लिंकिंग.

आणि आता राहिलो आपण.

मी माझ्यासाठी मशीन घेतलं तेव्हा तीन आठवडे एक्सेल शीट केली होती. बोर्डाच्या व्हीआरएमवर हीटसिंक आहे का इथपर्यंत. पाचशे रुपये वाचवायला सेलची रात्र जागवली. दुसऱ्या दिवशी हापिसात कॉलर ताठ करून सांगितलं, "काय डील मारली राव!" आणि मामाच्या वर्षभराच्या कमाईतल्या पैशाला मी दिले दहा सेकंद. वर 'मस्त डील' हे सर्टिफिकेट. आपल्यातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एखादा फोटो असेलच. काकाचा लॅपटॉप, आत्याच्या पोरीचा कॉम्प्युटर, सोसायटीच्या वॉचमनच्या मुलाचा मोबाइल. त्यांच्यासाठी आपण 'कॉम्प्युटरमधले' आहोत. आपल्या अंगठ्यावर त्यांचे पैसे हलतात. आपल्याला वेळ नसेल तर 'वेळ नाही, रात्री बघतो' म्हणायला काय जातं? दुकान रात्रीतून पळून जात नाही. आणि 'ऑफर आजच्या दिवसच आहे' असं दुकानदार म्हणाला तर खुशाल समजा की उद्याही आहे.

म्हणून आता माझ्यापुरता एक नियम केलाय, तुम्हाला पटला तर घ्या. कुणी कॉम्बोचा फोटो पाठवला की तीन गोष्टी मागवल्याशिवाय हो म्हणायचं नाही. एक, दोन्ही वस्तूंची पूर्ण नावं, शेवटच्या अक्षरासकट. 'आय५ विथ बोर्ड' हे नाव नव्हे. दोन, दोन्हींचा सुटा भाव, त्याच दिवशीचा, निदान दोन ठिकाणचा. तीन, खोकं आहे की ट्रे, आणि बिल दोन ओळींचं मिळणार का. आणि चौथं, जे दुकानदाराला नाही, घेणाऱ्याला विचारायचं. तू यावर करणार काय आहेस, आणि तीन वर्षांनी काय करणार आहेस? मी मामेभावाला हा एक प्रश्न विचारला असता तर 'थ्रीडी' हा शब्द ऐकून मी तरी थांबलो असतो.

ते ३,४०० रुपये मी मामाला देऊ केले. त्याने हात मागे घेतला. म्हणाला, "पैशाचं राहू दे. पुढच्या वेळी पोरानं काय इचारलं तर नीट बगून सांगत जा."

असो. गेल्या आठवड्यात मामेभावाच्या एका मित्राचा फोटो आला, कॉम्बोचाच. स्टँडअप चालू होता. मी लिहिलं, "रात्री बघतो, तोवर पैसे देऊ नका." रात्री बघितलं. प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ होता.